शेल्याचा दुसरा अर्धा

एका राज्यात घोड्याच्या टापांवर बाजार उघडत असे. राजा समरकेतूचा पारवा घोडा पहाटे वेशीतून दुडक्या चालीनं फिरे, आणि त्याची टाप वाजली की गाड्यांची, कुंभारांची, पाणचक्क्यांची चाकं आपोआप हलू लागत. तिथली रीतच ती. कुणाला त्याचं नवल नव्हतं.

मांत्रिक काळदंष्ट्रानं तो घोडा मागितला, वाटेल ते मोल देऊ केलं. राजा म्हणाला, "पागेत बांधलेलं सगळंच विकाऊ नसतं, महाराज."

"मग बांधूनच ठेव," मांत्रिक म्हणाला आणि त्यानं फुंकर मारली.

दुसऱ्या दिवसापासून पारव्याचा पुढचा उजवा पाय खुराकडून दगड होऊ लागला. रोज पहाटे दगड थोडा वर चढे. चाकं थबकली. व्यापारी माशा मारीत बसले. दगड काळजापर्यंत पोचला की घोडा संपणार होता.

राजा पागेत जाऊन बसला. मोहिमेहून घोडा परतला की इथंच राणी केतकी पदर खोचून त्याच्या पायांना पट्ट्या बांधायची. दमलेलं जनावर रात्रभर उभं राहतं, पायांना सूज चढते, त्यांना ऊब नि आधार हवा, म्हणायची.

"राणीसाहेब, घोड्याचं बाळंतपण चाललंय का?" राजा हसायचा.

"चालू द्या. तुम्ही पाठीवर बसता, मी पायांशी बसते."

राणी जाऊन वर्षं लोटली होती. गवताचा वास तेवढा तसाच होता. त्यात मिसळणारा तिचा केवडा नव्हता.

आढ्यावरून भारद्वाज पक्षी बोलला, "राजा, तीन कामं कर. ढगमेंढ्यांची लोकर आण, पण कात्री न लावता. ज्यात माया मुरली आहे अशा वस्त्राची पट्टी कर. आणि स्वतःच्या हातानं बांध. पट्टीखाली बोट शिरलं पाहिजे, मूठ नाही."

"एवढंच?"

"एवढंच. एवढ्यातच माणसं चुकतात."

राजा डोंगरमाथ्यावर गेला आणि तळहातावर मीठ घेऊन बसला. ढगमेंढ्या उतरल्या, मीठ चाटून गेल्या, करवंदीच्या काट्यांवर लोकर ठेवून गेल्या. पहिलं काम झालं.

दुसऱ्यासाठी राणीची पेटी उघडली. केवड्याच्या वासाचा शेला निघाला. राजानं तो मधोमध फाडला, अर्धा घेतला, अर्धा परत पेटीत ठेवला. मनाशी म्हणाला, अर्ध्यात भागेल. घासाघीस माणूस कुठंही करतो बघा, आपल्या दुःखाशीसुद्धा!

दिवेलागणीला त्यानं दुखऱ्या पायाला लोकर गुंडाळली, वरून शेला बांधला, बोट घालून पाहिलं. तिसरंही झालं. तेवढ्यात पारव्यानं डावा पाय पुढे केला. राणीच्या वेळीही तो असाच पाय पुढे करायचा.

राजानं मानेवर थोपटलं. "तो धडधाकट आहे रे, लबाडा. लाड पुरे."

पहाटे उजवा पाय ऊबदार, जिवंत झाला होता. आणि डावा गुडघ्यापर्यंत दगड!

"भारद्वाजा, हा दगा आहे!"

"दगा कसला? रात्रभर भार कुणी पेलला?"

राणीचे शब्द राजाला आठवले. नेहमी हसता हसता ऐकले होते, म्हणून कधी कानात शिरले नव्हते: "दुखऱ्याला बांधताना चांगल्याला विसरू नये. तोच तर दोघांचं ओझं घेऊन उभा असतो." ती गेल्यापासून आपण कसे उभे आहोत, तेही राजाला तेव्हाच उमगलं.

तो पेटीशी गेला. उरलेला शेला एकदा नाकाशी धरला. मग डाव्या पायाला उरलेली लोकर गुंडाळून त्यावर बांधला, उजव्याचीही पट्टी नव्यानं बसवली, आणि पारव्याच्या पायांशीच पाठ टेकून बसला.

उजाडताना दगड टरफलासारखा गळून पडला. टाप वाजली. चाकं फिरली, बाजार उघडला. काळदंष्ट्राची फुंकर त्याच्यावरच उलटली, तो स्वतःच वेशीबाहेर दगड झाला; वाटसरू त्याच्यावर जोडे आपटून धूळ झटकू लागले.

पेटी रिकामी झाली. पण सांज झाली की पागेत केवडा दरवळे, पारवा न सांगता एकेक पाय पुढे करी, आणि राजा उपरणं कमरेला खोचून खाली बसे.

पारव्याची चाल जशी परतली, तशी तुमची-आमची परतो.