शेवटच्या रिळाची दारे

एकदा एका तरुणाने आपल्या वडिलांचे बंद पडलेले चित्रपटगृह पुन्हा उघडायचे मनावर घेतले. पेठेच्या ऐन बाजारात उभे असलेले ते इंद्रधनू टॉकीज. एके काळी तिथला खेळ सुटला की भाजीवाल्यांना टोपल्या आवरून गर्दीला वाट द्यावी लागे. पुढे वडील गेले, कुलूप लागले आणि पडद्यामागे कबुतरांनी संसार थाटला. तरुणाने कबुतरे हुसकावली, नव्या खुर्च्या बसवल्या, नवा पडदा लावला. बाजारात उघडणाऱ्या तिन्ही दारांना त्याने भक्कम कड्याही लावल्या, कारण फुकट्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

एवढे करूनही प्रेक्षक येईनात. पहिल्या दिवशी नातेवाईक आले; दुसऱ्या दिवशी तेही दमले. शेजारच्या व्यापाऱ्याला खताच्या पोत्यांसाठी गोदाम हवेच होते. तो म्हणाला, "रविवारी माझी माणसं घेऊन येतो. हो म्हणालास तर लगेच खुर्च्या काढू." तरुणाच्या वडिलांची आयुष्यभराची हौस पोत्यांखाली जाणार होती.

तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. मग ते एवढेच म्हणाले, "मला तुझा खेळ बघायचाय. दाराजवळची खुर्ची दे."

शनिवारी दुपारच्या खेळाला गुरुजी आले. चित्रपट शेवटाकडे आला. पडद्यावर एक म्हातारा आपल्या घराची किल्ली एका बाईच्या हातात ठेवत होता. तेवढ्यात गुरुजी उठले आणि त्यांनी एकामागून एक तिन्ही दारांच्या कड्या काढल्या. उन्हाची तिरीप आत आली, बाजाराचा गलबला आला आणि पाठोपाठ माणसेही आली. भाजीवाल्या, शिंपी, हमाल, छत्री काखोटीला मारलेला तो व्यापारीसुद्धा! सगळे उंबऱ्यात माना उंचावून उभे राहिले. बाईने ती किल्ली विहिरीत टाकून दिली आणि चित्रपट संपला.

तरुण संतापला. "गुरुजी, हे काय केलंत? शेवट फुकट दाखवलात! आता तिकीट कोण काढणार?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळ, तुझे वडील शेवटच्या रिळाला ही दारं रोज उघडायचे. लोकांना वाटायचं, उकाड्यामुळे. मी विचारलं तेव्हा ते नुसते हसले होते. अरे, शेवट कळला म्हणून कोणी गोष्ट सोडतं का? रामकथेचा शेवट कोणाला ठाऊक नाही? तरी मांडव भरतोच ना? पेठेला चोर समजून तू कड्या लावल्यास. तुझ्या वडिलांनी त्याच माणसांना उद्याचे पाहुणे मानलं. जरा बाहेर जाऊन ऐक."

तरुण बाहेर गेला. वांग्यांच्या टोपलीभोवती वाद पेटला होता.

"लेकच असणार ती!"

"लेक असती तर किल्ली फेकली असती होय?"

"मग सून असंल!"

रविवारी व्यापारी आपली माणसे घेऊन दारात उभा राहिला.

"ते गोदामाचं राहू दे," व्यापारी वैतागून म्हणाला. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या बाईनं किल्ली विहिरीत का टाकली, ते सांग आधी."

"दुपारच्या खेळाला कळेल, शेठ."

"मग मला तिकीट दे. ह्यांनाही दे. गोदाम काय, दुसरीकडे मिळेल."

खुर्च्या काढायला आलेली माणसे त्याच खुर्च्यांत ऐसपैस बसली. मागून भाजीवाल्या आल्या, शिंपी आला, आणि पाहता पाहता टॉकीज भरले. कित्येक दिवसांनी तरुणाने मोकळा श्वास घेतला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते.

खेळ शेवटाकडे आला. गुरुजी जागेवरच बसून राहिले. तरुण स्वतःच उठला आणि त्याने कड्या काढल्या. बाहेर माणसे थांबलेलीच होती. त्यांना आत घेताना त्याला हसू आले, आणि वडील तेव्हा का हसले होते तेही कळले.