दोघांचा चौसिंगा

मुलांनो, सागाचे रान उतरत उतरत जिथे नदीला टेकते, तिथे एक तरुण चौसिंगा राहत असे. चौसिंगा म्हणजे चार इवल्या शिंगांचे लहानसे हरीण. हा अंगाने किरकोळ होता, पण पळता पळता असा काही वळे की मागे लागलेला प्राणी सरळ पुढेच निघून जाई. त्याचा जन्म मात्र वरच्या पठारावरचा. एका कोरड्या उन्हाळ्यात तो आईमागोमाग पाणी शोधत खाली आला. आई वाटेतच दगावली आणि एकट्या पाडसाला नदीकाठच्या अस्वलाने आसरा दिला. त्या अस्वलाचा चेंडू खेळणारा एक संघ होता. चेंडू वेलींचा विणलेला, आत सावरीचा कापूस भरलेला. संघात साळिंदर होते, वानर होते, पाणमांजरही होते. कोण कुठल्या जातीचा हे तिथे कुणी विचारत नसे. अस्वलाने चौसिंग्याला खाऊपिऊ घातले, चेंडू खुराने कसा थोपवायचा आणि कसा टोलवायचा ते शिकवले, आणि बघता बघता तो त्या संघाचा सगळ्यात मोठा आधार झाला. अस्वलाला तो मामा म्हणे.

पठारावरचे चौसिंगे मात्र त्याला विसरले नव्हते. दरवर्षी थंडी ओसरली की पठारावर एक स्पर्धा भरे. तिथे ज्याने त्याने आपल्या जातीकडून खेळायचे, आणि जी जात जिंकेल तिने उन्हाळाभर पठारावरच्या एकुलत्या एका झऱ्यावर सगळ्यांच्या आधी पाणी प्यायचे, अशी तिथली रीत होती. चौसिंगे दरवर्षी हरत. सांबरे आणि गवे पाण्यात उतरून गेले की उरलेला चिखल यांच्या वाट्याला येई, आणि ऐन उन्हाळ्यात त्यांची काही पाडसे त्या पाण्यापायी आजारी पडून मरत. म्हणून आदल्या वर्षी त्यांच्या म्होरक्याने निरोप धाडला होता की, तू आमचा आहेस, एवढ्या वेळेला ये. पण आपला खेळाडू वर जाऊन जायबंदी झाला तर काय, या भीतीने अस्वलाने उलट निरोप दिला की त्याचा पाय दुखावला आहे. पाय धडधाकट होता. चौसिंग्याला हे ठाऊक होते, तरी मामाचा शब्द कसा मोडायचा म्हणून तो गप्प राहिला. पुढे थोड्याच दिवसांत नदीच्या वाळूवर तो चेंडूमागे उड्या मारताना पठारावरच्या घारीने पाहिला आणि ती गोष्ट वर जाऊन पोचली. त्या उन्हाळ्यातही पठारावर पाडसे मेली.

या वर्षी मात्र दुखणे खरेच आले. स्पर्धा तोंडावर असताना खालच्या डोहाकडच्या संघाशी सामना झाला, त्यात एक रानडुक्कर चौसिंग्याच्या मागच्या पायावर आदळले. गुडघा टरारून सुजला. नदीकाठचा वैद्य म्हणजे एक म्हातारे कासव. त्याने पाय नीट चाचपून पाहिला आणि अस्वलाला बाजूला घेऊन सांगितले की आतली शीर फाटली आहे, पळसाला पाने फुटेपर्यंत याने पळायचे नाही. अस्वलाने कासवाला बजावले की हे कुणाजवळ बोलू नकोस, नाहीतर पुढचे सामनेवाले नेमका तोच पाय धरून बसतील. कासवाने थंड मातीचा लेप दिला, सूज उतरत गेली, आणि वरून पाहणाऱ्याला पाय बराच बरा दिसू लागला.

तेवढ्यात म्होरक्या स्वतःच खाली आला. या खेपेला निरोपावर विश्वास ठेवायचा नाही असे ठरवून त्याने पठारावरचे वैद्य असलेले एक मुंगूस बरोबर आणले होते. अस्वलाने सांगितले की याचा पाय खरेच दुखावला आहे. म्होरक्या म्हणाला, "गेल्या वर्षीही दुखावलाच होता." आपलेच खोटे अंगावर उलटलेले पाहून अस्वल चिडले. याला लहानाचे मोठे कुणी केले, असे ते विचारू लागले. म्होरक्या म्हणाला, याच्या अंगात रक्त कुणाचे आहे ते सांग. वाद वाढत गेला. मुंगसाने कासवाकडे जाऊन पायाला नेमके काय झाले होते ते विचारले, पण कासवाने अस्वलाकडे पाहिले आणि मान कवचात ओढून घेतली. मग मुंगसाने आपल्या परीने पाय पाहिला. सूज तर नव्हती. शेवटी त्याने चौसिंग्यालाच विचारले, "खरं सांग, दुखतंय का?"

चौसिंग्याने पाय टेकला तेव्हा गुडघ्यात कळ उठली होती. पण समोर म्होरक्या उभा होता, आणि गेल्या वर्षीच्या त्या खोट्याची लाज त्याच्या मनातून अजून गेली नव्हती. आता दुखतंय म्हटले तर हा आपल्याला कायमचा परका समजेल, असे त्याला वाटले. त्या मेलेल्या पाडसांचेही त्याच्या मनात आले. तो म्हणाला, "नाही. मी येतो."

अस्वल पाठ फिरवून निघून गेले. "जा. पण मग माझ्याकडे परत येऊ नकोस," एवढेच ते बोलले.

मुंगसाने पायाला मुळीचा रस चोळून सालीची घट्ट पट्टी बांधली आणि चौसिंगा पठारावर खेळायला उतरला. खेळला मात्र असा, की सांबरांनीही माना वळवून पाहिले. शेवटचा सामना गव्यांशी होता. सूर्य कलला तरी कुणाची सरशी होईना. तेवढ्यात चेंडू चौसिंग्याच्या पुढ्यात आला. त्याने डावीकडे झेप घेतल्यासारखे दाखवले आणि दुखऱ्या पायावर उजवीकडे वळला. चेंडू गव्यांनी राखलेल्या दोन दगडांमधून पार गेला. पठार चौसिंग्यांच्या आवाजाने दुमदुमले, आणि त्या गलबल्यात तो खाली कोसळल्याचे कुणाच्या लगेच ध्यानातही आले नाही. पाय गुडघ्यातून वेडावाकडा झाला होता.

आता पुढचे ऐका. घारीने खबर दिली तसे अस्वल धापा टाकत वर आले आणि त्याच्या मागून, फार उशिराने, कासव आले. म्होरक्या म्हणाला की हे दुखणे तुमच्या नदीकाठचे आहे, तुम्हीच याला घेऊन जा आणि बरा करा. अस्वल म्हणाले, पाय मोडला तुमच्या पठारावर, आता तुम्हीच निस्तरा. कालपर्यंत जे दोघे त्याला माझा माझा म्हणून ओढत होते, ते आज तुझा तुझा म्हणून एकमेकांकडे ढकलत होते. चौसिंगा मध्ये गवतावर पडून दोघांचे ऐकत होता.

त्यांच्या भांडणाकडे पाठ करून मुंगूस आणि कासव त्याच्या दोन बाजूंना बसले. कासवाने आता सगळे सांगितले: आतली शीर, पहिल्या दिवशीची सूज, पळसाची मुदत. मुंगसाने आपली पट्टी सोडून गुडघा पुन्हा चाचपला. मग म्हणाले, "हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर मीच याला घरी बसवलं असतं." कासव म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." दोघांनी मिळून जे करता येण्याजोगे होते ते केले. पाय जुळला, पण आखूड जुळला.

त्या उन्हाळ्यात पठारावरच्या चौसिंग्यांना निवळशंख पाणी मिळाले आणि त्यांचे एकही पाडस दगावले नाही. म्होरक्या त्याच्यासाठी झऱ्याकाठी जागा राखी, पण त्याच्याशी बोलताना नजर खाली वळवी. नदीकाठच्या संघात त्याच्या जागी एक ससा आला. चौसिंगा लंगडत चरे. पाडसे चेंडू खेळू लागली की तो उठून झाडीच्या पलीकडे जाई.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी अस्वल एकटेच वर आले आणि त्याच्याजवळ येऊन बसले. त्याने विचारले, "दुखतो का रे पाय?"

"आता नाही," चौसिंगा म्हणाला. "तेव्हा फार दुखत होता, मामा."

अस्वलाने मान खाली घातली. ऊन उतरेपर्यंत ते तिथेच बसून राहिले, आणि चौसिंग्यानेही त्याला जा म्हटले नाही.

तात्पर्य : ज्याच्यावर दोघे हक्क सांगतात, त्याचे दुखणेही दोघांनी आपले मानावे आणि एकमेकांपासून लपवू नये, नाहीतर त्यांच्या अविश्वासाची शिक्षा त्या बिचाऱ्यालाच जन्मभर भोगावी लागते.