खंड्याचं औषध

गोचिडांनी बेजार झालेल्या आपल्या खंड्या कुत्र्यासाठी हैबतीआबांनी नातसुनेकरवी मोबाइलवरून औषध मागवलं. औषध घरपोच आलं, आबांनी ते आपल्या हातानं पाजलं, आणि खंड्या तडफडून गेला.

पुढच्या आठवड्यात ते औषध विकणारा जयदीपशेठ आपलं गुबगुबीत कुत्रं काखेत घेऊन चावडीवर उभा राहिला. म्हणाला, "औषध अस्सल आहे. म्हाताऱ्याचं कुत्रंच मरायला टेकलं होतं. मंडळी, बिनघोर मागवा!"

लोकांनी मोबाइल बाहेर काढले.

गर्दीत बसलेले आबा सावकाश उठले. उरलेल्या औषधाची बाटली खिशातून काढून त्यांनी शेठपुढं धरली. "शेठ, तुमचंही कुत्रं मघापासून कान खाजवतंय. दोन थेंब पाजा की."

शेठनं कुत्रं छातीशी आवळलं. "छे छे! डॉक्टरनं तपासल्याशिवाय मी याला काही देत नाही."

"बरोबर आहे तुमचं," आबा हळूच म्हणाले. "तुमच्या कुत्र्यासाठी तुम्ही डॉक्टरला विचारता. माझ्या खंड्याला औषध धाडताना मात्र नुसता पत्ता विचारलात."

एकेक मोबाइल खिशात गेला. शेठनं काढता पाय घेतला. लोक आबांची पाठ थोपटत राहिले, पण आबांचं तिकडं लक्ष नव्हतं. घरी दारात खंड्याची साखळी पडली होती, आणि ती उचलायचं अजून त्यांच्या जिवावर येत होतं.