सहा फुटांचा यसबा

ओढ्याकाठच्या एका गावात यसबा नावाचा एक भोळा गवंडी होता. त्याची भिंत कधी वाकडी जायची नाही. डोकं मात्र भिंतीहून सरळ. सांगाल तेवढंच आणि सांगाल तस्संच करायचा.

कोरोनाची साथ आली तेव्हा त्याच्या बायकोला, पारूला, सातवा महिना होता. औषधं वाटणाऱ्या आशाताई दारात आल्या. त्यांनी यसबाला बजावलं, की साथ आपल्या पायांनी येत नाही, आपणच तिला घरी आणतो. कुणाच्याही सहा फुटांच्या आत जायचं नाही. ही ज्याची त्याची जबाबदारी. यसबानं पारूकडे पाहिलं, मोजायचा टेप कमरेला अडकवला आणि ठरवलं, की आपल्या हातून चूक होऊ द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर म्हाताऱ्या कोंडाआत्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतल्या. हात दे म्हणाल्या. यसबानं टेप लावला. पाच फूट भरलं. तो एक फूट मागं सरला आणि हात जोडून उभा राहिला. आत्या आपल्या आपण बाहेर आल्या, पण एक वहाण आतच राहिली.

"मेल्या, अंतर ठेवायचं ते गप्पा मारताना," त्या म्हणाल्या. "माणूस एका जागी अडकलेला दिसला, तर हात धरून ओढून काढावा."

यसबाला ते पटलं.

पुढं रेशनच्या दुकानासमोर चुन्याची गोल रिंगणं आखलेली होती. प्रत्येक रिंगणात एकेक माणूस पिशवी घेऊन उभा. पुढं जाईना, मागं जाईना. एवढी माणसं अडकलीत आणि कुणी हात देत नाही! त्यानं तोंडाचा रुमाल घट्ट केला आणि एकेकाला ओढून बाहेर काढलं. अकरा माणसं काढली. मग पहिला नंबर कुणाचा, यावर सगळी एकाच जागी जमून दुपारपर्यंत भांडली.

दुकानदारानं यसबाला बाजूला घेतलं. रिंगण म्हणजे खड्डा नव्हे, म्हणाला. एका रिंगणात एकच माणूस असतो. दुसरा दिसला, तर त्याला वेगळं रिंगण आखून द्यायचं.

यसबानं तेही ध्यानात ठेवलं.

रविवारी दामूअण्णांच्या मुलीचं लग्न होतं. पंचवीसच माणसं बोलावलेली, त्यांत यसबा. नवरानवरी पाटावर बसली होती आणि भोवती रांगोळीचं सुबक रिंगण होतं. आत दोघं. यसबानं पुन्हा मोजलं. दोघंच. त्यानं मूठभर तांदूळ घेतले, गोठ्यापाशी नवं रिंगण आखलं आणि नवऱ्याला हाताला धरून तिथं नेऊन उभं केलं. नवऱ्याला वाटलं, हाही एखादा विधी असेल. तो मुकाट गेला. भटजींनी पोथीतून मान वर केली, तेव्हा नवरा म्हशीशेजारी उभा होता.

दामूअण्णांनी राग गिळला. "यसबा, यांना जवळच बसायचंय. तुला एवढी काळजी आहे ना? मग बिनकामाची गर्दी दाटीवाटीनं बसलेली दिसेल तिथं जा. आधी नीट सांग. नाही ऐकलं तर पांगव."

यसबा निघाला. पारावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं वर पाहिलं. पिंपळाच्या फांदीला आग्या मोहोळ लोंबत होतं. हजारो माश्या, एकमेकींच्या अंगावर, आणि तोंडाला फडकं एकीच्याही नाही. यसबा हादरला.

"बायांनो, लांब लांब बसा," त्यानं हात जोडून सांगितलं. माश्या नुसत्या गुणगुणल्या. त्यानं तीनदा विनवलं. मग एक ढेकूळ उचललं.

गर्दी पांगली. यसबा ओढ्यात गळ्यापर्यंत जाऊन बसला. मांडवातले पाहुणे वाट फुटेल तिकडे धावले. भटजी कणगीत शिरले. नवरानवरी एकाच घोंगडीखाली घुसली आणि बाहेर यायचं नावच घेईनात. घराघरांची दारं धडाधड लागली. सरपंचांनी महिनाभर कानीकपाळी ओरडूनही जे झालं नव्हतं, ते घटकाभरात झालं. गल्लीत माणूस म्हणून उरला नाही.

सरपंचांनी सुजलेल्या नाकासह खिडकी बोटभर उघडली आणि हे कुणी केलं, असं विचारलं.

ओढ्यातून यसबाचं टम्म फुगलेलं तोंड वर आलं. "मीच केलं, सरपंच. उद्या कुठली गर्दी पांगवू?"