गळ्यातले जोडे

माणसं अनवाणी हिंडायची आणि जनावरं जोडे घालायची, तेव्हाची गोष्ट. पल्याडच्या तळ्यावर भाचीचं लग्न होतं, म्हणून फेंदी बदकीण जोडे शिवून घ्यायला साळिंदरमामांकडे गेली. माप देताना तिनं बोटं घट्ट मिटून घेतली.

“अगं, पाय मोकळा सोड. चालायचंय ना तुला?”

“माझा पाय असाच आहे, मामा. बगळीसारखा निमुळता!”

मामांनी मापाबरहुकूम जोडे शिवले. लग्नाला निघताना ते घालून फेंदीनं पहिलंच पाऊल टाकलं आणि ती चोचीवर आपटली. शेवटी जोडे गळ्यात अडकवून, फताड्या पायांनी फतक फतक करत तिनं मांडव गाठला.

तिथं सगळ्या बदकिणी त्या जोड्यांवर भाळल्या. दुसऱ्या दिवशी मामांच्या दारात ही रांग!

मामांनी कुणालाच पाय पुढे करू दिला नाही. “मान वर करा,” म्हणाले, आणि एकेकीच्या गळ्याचं माप घेऊ लागले.