भागीची जागा

पाहुणे, पाठवणीची सनई मध्येच थांबली तेव्हा तुम्ही वाजवणाऱ्याकडे वळून बघितलंत. सगळेच बघतात. चुकला नाही तो. आमच्या आंबेखोलच्या खोऱ्यात ही चाल अशीच वाजते. तिसऱ्या ओळीत सनई, साथीला धरलेला सूर, ढोल सगळं थांबतं आणि मग ओळ पुरी होते. त्या थांब्याला आम्ही भागीची जागा म्हणतो.

चाल बसवली विठोजी घडशाने, असे सांगतात. स्वतः सनई बेताचीच वाजवायचा म्हणे. पण कुणी कुठे यायचं, कुणी कुठे गप्प बसायचं, ते त्यानेच ठरवावं. बारा गावांचे वाजंत्री त्याच्या पडवीत शिकून गेले. भारी हेकट माणूस. त्याची बायको भागी भात कांडताना गायची, आणि हा भिंतीआड बसून तिच्या चाली उचलायचा.

एका वर्षी ती तिसऱ्या ओळीत थांबायला लागली. मुसळ हवेत, शब्द ओठांवर, आणि क्षणभर काहीच नाही. विठोजी खुळावलाच. "काय जागा घेतलीस गं! उद्यापण तिथंच थांब."

"थांबेन हो," ती म्हणाली. छातीत कळ येते, श्वास पुरत नाही, हे काही बोलली नाही. नवऱ्याने उभ्या जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं होतं, ते मोडायचं तिच्या जिवावर आलं.

विठोजीने तो थांबा पाठवणीत घातला. मांडवात बायकाच काय, बाप्येही रडू लागले. बघता बघता बाराही गावांनी चाल उचलली. इकडे भागीचा थांबा लांबत चालला होता, आणि हा शहाणा शिष्यांनाही तेवढंच लांब थांबायला शिकवत होता. पौषातल्या एका सकाळी ती थांबली ती मुसळासकट खालीच बसली. "पुढची ओळ घे," विठोजी भिंतीआडून म्हणाला. दोनदा म्हणाला, असे सांगतात.

छातीचं दुखणं जुनं होतं, हे वैद्याने सांगितलं तेव्हा त्याला कळलं. तिचे दिवस उरकले आणि तो पायी बारा गावं फिरला, आपल्याच शिष्यांच्या पाया पडला. "ती जागा नव्हती रे. तिचा जीव जात होता. काढून टाका."

शेवटच्या गावात धाकू म्हणून थोरला शिष्य होता. तो म्हणाला, "काढतो, दादा. पण मग वहिनीला ऐकायचं कुठं?"

विठोजी तिथंच ढसाढसा रडला. जागा राहिली. त्याने मात्र पुन्हा एकही चाल बसवली नाही.

आजही, छाती फुटायची वेळ आली तरी आमचा वाजंत्री त्या थांब्यात श्वास घेत नाही. तेवढा श्वास भागीचा.