जाळीने धरलेला धोंडा

डोंगराला अजून नाव पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. उतारावर एक धोंडा होता आणि त्याच्या खालच्या अंगाला करवंदीची जाळी. माती रोज चिमूटभर खाली सरकायची, जाळी तिला मुळांनी धरून ठेवायची.

"दमले रे बाबा," जाळी म्हणायची. "माती सुटली की तूही सुटशील."

"मी जागचा हलत नाही," धोंडा म्हणायचा. "म्हणून तर लोकांनी मला शेंदूर लावलाय."

एकदा प्रदक्षिणा घालताना भिवा गुरवाचं धोतर काट्यांत फाटलं. "देवाभोवती ही अडगळ कशाला?" म्हणत त्याने जाळी मुळासकट उपटून टाकली.

चार पावसाळे माती वाहत राहिली. पाचव्यात धोंडा घसरला आणि भिवाच्याच घराच्या वर, दुसऱ्या एका जाळीला अडकून थांबला.

"पेलवत नाही रे," ती कण्हली. "पण धरते."

सकाळी गाव जमलं. भिवाने हात जोडले. "देव आपणहून खाली आला! इथेच स्थापना करू." मग त्याने कोयता उचलला. "आधी ही जाळी तेवढी काढू."

"नको रे! खाली तुझंच घर आहे!" धोंडा जीव तोडून ओरडला.

पण देवाचं कोण ऐकतं?